दोन ताटं, एकदमच

...आणि मी ताटावर बसलेलो! ताट समोर, भाकरी टम्म फुगलेली, तिच्या पोटातून वाफ निघालीय, वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग, बाजूला ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा, सगळं सगळं आहे, फक्त माणूस नाही! माणूस कुठंय? माणूस चार हातांवर, पाठ माझ्याकडं, परातीत थप् थप् थप्... आणि मान न वळवता म्हणतंय, "आवो, तुमी सुरू करा, मी आलेच."

आलेच! तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं झाली लग्नाला, ही अजून येतेच आहे!

आता तुम्ही म्हणाल, त्रिंबकराव, आयतं गरम गरम पुढ्यात येतंय, वर कुरकुर कसली? कुरकुर नाही हो. विजयमालेच्या हाताला नाव ठेवेल त्याची जीभ झडेल. तिच्या येसराच्या आमटीचा वास आला की गल्लीतली माणसं चालता चालता हळू होतात, मी डोळ्यांनी बघितलंय. माझं म्हणणं एवढंच, की एकदा, फक्त एकदा, माझ्या घरात, माझ्या बायकोनं आणि मी एकदम बसून जेवावं. तिचा घास, माझा घास, एकाच वेळी. लई मोठं मागणं आहे का? विमान मागितलंय का मी?

दिंद्रुडला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. म्हणजे विहिरीवरची मोटार जळाली की लोक माझ्याकडं आणतात, मी जुनी तार काढतो, नवी तांब्याची तार गुंडाळतो, एकेक वेढा मोजून. एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा... आणि मग काय होतं, दुपारची वेळ असते, पंखा हळू फिरत असतो, तांब्यावर ऊन पडून ते सगळं सोनेरी सोनेरी दिसायला लागतं, आणि त्या सोनेरीत मला दोन ताटं दिसतात. शेजारी शेजारी, काठाला काठ लागलेला. दोन भाकऱ्या, दोन वाफा, वर जाता जाता एकात एक मिसळलेल्या. ती नुसती माझ्या ताटातला कांदा उचलते. कुठून तरी वारा येतो, तिच्या कपाळावरची बट हलते, आणि मी...

"काका, मोटार भरताय का झोपलाय?"

गेला आकडा! सगळी तार सोडा, पुन्हा एकपासून. असं महिन्यातून तीन-चारदा होतं, तुम्हाला सांगतो.

पूर्वीची गोष्ट वेगळी. पूर्वी घर भरलेलं होतं, आईचं पथ्य, पोरीची शाळा, कुणाचं काय नि कुणाचं काय. लग्नाच्या दिवशी म्हणाल तर एका ताटात बसवलं होतं आम्हाला, पण तो फोटोवाला! "घास तोंडापाशीच धरा... हलू नका... वैनी, मान वर..." तोंडापाशी धरलेला घास धरूनच ठेवला, तेवढ्यात लाईट गेली, सगळे उठले. मग दुसऱ्यांच्या लग्नात तरी? तिथं ही पदर खोचून वाढायला! यजमान ओळखीचे असोत नसोत. आणि उपास! सोमवार तिचा, शनिवार माझा, चतुर्थी तिची, आणि गुरुवार तर तिनं ऋतुजाच्या, म्हणजे आमच्या पोरीच्या, दहावीसाठी धरलेला. पोरगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तो गुरुवार काही सुटला नाही.

पण आता? आता घरात आम्ही दोघंच. आता कोण अडवतंय? म्हणून एका रविवारी मी सरळ म्हणालो, "आज तू बी माझ्यासंगं बस."

तिनं पहिल्यांदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाली, "कावून? एकट्याला गिळवत न्हाई व्हय?"

"तसं न्हाई. मला आपलं वाटतंय."

"बरं बरं. एवढी भाकरी होऊ द्या. तुमी सुरू करा, मी आलेच."

मी डोकं चालवलं. म्हणलं, भाकरीच नको, खिचडी कर! खिचडी एकदा शिजली की शिजली, तिच्यामागं कुणाला उभं राहावं लागत नाही. खिचडी झाली. दोन ताटं मांडली, मीच मांडली, काठाला काठ लावून. ती बसली! खरंच बसली हो! मी घास उचलला आणि ती म्हणाली, "अगं बाई, पापड!" उठली. पापड तळले. मग कढी गार झाली म्हणून गरम केली. मग पापड मऊ पडले म्हणून दुसरे तळले. मी पाच पापड खाल्ले, तुम्हाला सांगतो. एकट्यानं.

शेवटी ऋतुजाला फोन लावला. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "पप्पा, साधी गोष्ट हाय. आईला हॉटेलात घेऊन जा. तिथं तिच्या हातात ना तवा ना परात. कुठं जाईल उठून?"

माझ्या लक्षात कसं आलं नाही? बरं, जवळचा धाबा नको. जवळच्या धाब्यावर ओळखीचे निघतात, ओळखीचे निघाले की गडी एका टेबलावर, बायका दुसऱ्या. मग मी ठरवलं मांजरसुंबा! बीडला तिचे डोळे तपासायचेच होते, तिथून पुढं अर्ध्या तासाची वाट. मोटारसायकलवर मागं ती, बाजूनं डोंगर, डोंगरावर पवनचक्क्या अशा सावकाश फिरतायत, जशी कुणी झोपेत कूस बदलावी, ढगांच्या सावल्या रानावरून सरकतायत, आणि ती मागून म्हणतेय, "केवढी मोठाली पाती हायत हो, नुस्ती बघत बसावीत." मी गाडी आणखी हळू केली. मला वाटलं, ही वाट मांजरसुंब्यापाशी संपूच नये... पण भूकही लागली होती.

धाबा चांगला होता. बसायला बाजा टाकलेल्या, गाणी मोठ्यानं लावलेली, ट्रकांची ये-जा. मालक अजिनाथ म्हणून, उंचापुरा, खांद्यावर रुमाल. "काय देऊ काका?"

"दोन ताटं. शेवभाजी, भाकरी. आणि हे बघा, दोन्ही ताटं एकदमच आणायची. एक आधी, एक मागून, असं न्हाई चालायचं."

"जोडीनं जेवायचंय व्हय!" असं म्हणून तो हसला, पण आणली एकदम. शेवभाजी लालभडक, दोन भाकऱ्या. विजयमाला समोर बसलेली, मागं पवनचक्की फिरतेय, वारा आलाय, तिची बट हलली... तुम्हाला सांगतो, अगदी दुकानातल्यासारखं! मी घास मोडला. तिनं भाकरी उचलली... आणि उलटी केली. मग पुन्हा सुलटी केली. मग उजेडाकडं धरली.

"पापुद्रा सुटला न्हाई हिचा."

"असू दे."

"कडंला कच्ची हाय आवो. कोण थापतंय आत?"

"कोण का थापंना! तू खा!"

एवढ्यात आत एक बाई दिसली. रतनबाई. धाब्यावर भाकऱ्या करणारी, वयानं विजयमालेएवढीच, आणि उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली. बास! विजयमालेच्या पायांत चपला गेल्यासुद्धा. मी म्हणलं, अगं, अगं... आणि तिनं पदर खोचता खोचता, मान न वळवता, तेच! तेच वाक्य! "तुमी सुरू करा, मी आलेच."

मांजरसुंब्याला! बीडच्याही पुढं! पाऊणशे किलोमीटर गाडी हाणून मी जे ऐकायला गेलो नव्हतो, ते मला तिथं ऐकायला मिळालं!

मग आतून आवाज आला, थप् थप् थप्. मग अजिनाथ पळतोय, ताटंवर ताटं नेतोय, ड्रायव्हर लोक ओरडतायत, "मालक, आज भाकरी लई भारी बे! अजून दोन टाक इकडं!" आणि माझ्या ताटातली कच्ची भाकरी उचलून अजिनाथनं दुसरी टाकली, टम्म, वाफाळलेली. "मावशीनं धाडलीय, खास काकांला." खोटं कशाला बोलू? चार खाल्ल्या. प्रत्येक घासाला राग येत होता आणि प्रत्येक घास विरघळत होता.

अर्ध्या तासानं गर्दी ओसरली. मी म्हणलं आता तरी येईल. उठून आत डोकावलो, तर ही जेवत होती! कुणाबरोबर? रतनबाईबरोबर! जमिनीवर, समोरासमोर, एका ताटात! रतनबाई डाव्या हातानं घास मोडता येईना म्हणून हसत होती, ही तिला मोडून देत होती, दोघी बोलतायत, दोघी हसतायत... मी दारात उभा. सत्तावीस वर्षं मी जे मागतोय ते त्या बाईला सत्तावीस मिनिटांत मिळालं! मला बघून विजयमाला म्हणाली, "आवो, झालं तुमचं? पोट भरलं न्हवं?"

भरलं म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

घरी येताना मी सगळा रस्ता विचार केला. सगळा घोळ तव्यापाशी आहे. तव्यापाशी ती आहे तोवर ती ताटापाशी येणार नाही. मग तव्यापाशी मी उभा राहिलो तर? अकरा दिवस शिकलो, तुम्हाला सांगतो. वेढे मोजणारा माणूस मी, माप चुकत नाही माझं. पण ज्वारीचं पीठ माप मानत नाही हो! पाणी जास्त झालं की हाताला, कमी झालं की भेगा, मे महिन्यातल्या तळ्यासारख्या. उचलायला गेलं की अर्धी हातात, अर्धी परातीत. विजयमाला दाराला टेकून हसून हसून खाली बसली. पण बाराव्या दिवशी, तुम्हाला सांगतो, फुगली! पुरती नाही, एका कुशीनं फुगली, पण फुगली! मी ओरडलो, "बस! बस ताटावर!" ती बसली. तव्यावरची भाकरी तिच्या ताटात टाकली. तिनं मोडली. वाफ आली. तिनं डोळे मिटले.

तुम्हाला सांगतो, मला माहीतच नव्हतं. गरम भाकरी खाताना माझी बायको डोळे मिटते, हे मला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं. तिला तरी कुठं माहीत असणार? तिच्या वाट्याला कायम शेवटची, तीही आवरून बसेपर्यंत निवालेली. मी तिच्याकडं बघत राहिलो, बघत राहिलो, खिडकीतून संध्याकाळचं पिवळं ऊन तिच्या गालावर, भांड्यांवर, सगळं कसं थांबल्यासारखं... आणि तव्यावरची दुसरी करपली. ती म्हणाली, "या की आता तुमी बी."

आणि माझ्या तोंडातून काय गेलं असेल? सांगा!

"तू सुरू कर, मी आलोच."

कारण पीठ मळलेलं होतं ना परातीत! सोडून जाणार कसं? शेवटची भाकरी झाली तेव्हा तिनं हात धुतले होते. मी एकटा बसलो. ती पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "एक इचारू? सगळ्या भाकऱ्या आधी करून ठिवल्या, अन् मग दोघं बसलो, तर?"

मी घास तसाच धरून राहिलो. तर? तर काय! एवढं साधं? "मग इतकी वर्षं का न्हाई केलं?"

"तुमीच न्हाई म्हणलावता. गार भाकरी घशाखाली उतरत न्हाई म्हणलावता."

"मी? कधी?"

"लग्नाच्या चवथ्या दिवशी."

आता मला रोजची वही लिहायची सवय आहे, लग्नाआधीपासूनची. ट्रंकेतून अठ्ठ्याण्णव सालची काढली. बोट फिरवत गेलो आणि सापडलं, माझंच अक्षर, शिवाय खाली लाल रेघ: "आज भाकरी गार मिळाली. गार भाकरी घशाखाली उतरत नाही, असे तिला स्पष्ट सांगितले. तिने ऐकून घेतले." ऐकून घेतले! तिनं सत्तावीस वर्षं ऐकून घेतलं, आणि मी सांगितलेलं विसरूनही गेलो!

लई लाज वाटली. म्हणलं, उद्या. उद्या गार भाकरी, दोघांनी.

आणि बसलो, तुम्हाला सांगतो! भाकऱ्या निवून टोपलीत, गॅस बंद, पापड नाही, कढी नाही, उठायला कारणच ठेवलं नाही. दोन ताटं, काठाला काठ. घरात काही आवाज नाही. तिनं घास घेतला, मी घास घेतला. गार होती, जरा चिवट होती, पण उतरली हो घशाखाली, सहज उतरली! तिनं माझ्या ताटातला कांदाही उचलला. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, इतक्या वर्षांचं साठलेलं. आणि ती बोललीच. घास खाली ठेवून, माझ्याकडं टक लावून बघत, हळूच म्हणाली:

"आवो... तुमी जेवताना नेहमी एवढं मचमच करता?"

मी तोंड मिटून चावून बघितलं. नाकानं आवाज यायला लागला.

"थापायच्या नादात मला कधी ऐकूच न्हाई आलं," ती म्हणाली. "रागवू नका बरं. उद्यापासनं तुमी आपलं गरमच खात जा. आधी."

तर आता पुन्हा भाकरी गरम येते. मी ताटापाशी, ती परातीपाशी. आणि थापायचा आवाज, तुम्हाला सांगतो, पूर्वीपेक्षा जरा मोठाच येतो.