मुदत संपलेली कादंबरी

अकोल्याच्या वाचनालयात जुईली कार्ड नवं करायला रांगेत उभी होती. तिच्या पुढे बार्शीटाकळीचे नत्थुजी ग्रंथपाल बाईंना मोबाइल दाखवत होते. जुईलीने कानातले इअरफोन काढले.

"ताई, कादंबरी गायब झाली. चाळीस पानं रायली होती."

"तुमचं काही चुकलं नाही, नत्थुजी. प्रकाशकानं ते ई-पुस्तक आपल्याला दोन वर्षांसाठीच दिलं होतं. मुदत संपली की आपोआप जातं."

"तुमी विकत घेतलं नं? विकत घेतलेलं तं आमचं बकरूबी असं परत जात नाई."

"आपण फक्त परवाना घेतो. कपाटात कागदी प्रत आहे, देऊ?"

"त्यातली बारीक अक्षरं मले दिसत नाई. मोबाइलवर मोठी करून वाचतो, अन् आमची बायको पार्वता खाटेवरून आयकते. तिले उठता येत नाई."

"मग शेवट मी सांगते. वाचलाय मी."

"नका सांगू. मले माहीत असलं तं तिच्यापुढं लपत नाई."

"त्या विचारत असतील ना, पुढं काय झालं?"

"पयल्या दिवशी इचारलं. आता पुढची गोष्ट थेच मनानं सांगून रायली. काल तिनं मेलेल्या मास्तरले गावात परत आणलं. म्हणे, तो चिखलदऱ्याले लपला होता."

"अहो, पण मास्तर तर..."

"ताई."

"बरं, नाही सांगत. प्रकाशकाकडे आजच नवी मागणी टाकते. दोन दिवसांत पुस्तक मोबाइलवर येईल."

नत्थुजींनी मोबाइल खिशात ठेवला.

"पंधरा दिवस थांबून टाका. तिचं सांगून होऊ द्या अगोदर."