सहा जणांची गरम खोली

...आन वरून मलाच म्हणतेत, "आबा, आज दगड थंड लागायलेत, जाळ कावून कमी घातला?" म्हंजी मी ह्यांचा पाणक्या. सत्तरी ओलांडली, उभ्या जन्मात कुणाचं 'अरे' ऐकून घेतलं न्हाई, आन आता रोज सकाळी बाभळीची लाकडं सारत बसतो, कावून, तर मोहनरावांच्या पाठीला वाफ लागती म्हणून. तुमाला सांगतो, चुकलंच आपलं.

न्हाई, पहिल्यापासून सांगतो, न्हाईतर तुमी म्हणाल म्हाताऱ्याला झालंय काय. आमच्या घरी सुंदरबाईचे गुडघे गेले. सुंदरबाई म्हंजी आमची मंडळी. उठताना भिंत धरायची, बसताना देवाचं नाव घ्यायची. पोरगा अंगद पुण्याला मोठ्या हाटेलात कामाला. तिथं म्हणं लोक गरम खोलीत बसतेत, घाम काढतेत आन सांधे मोकळे करून घरी जातेत. त्याचा फोन आला. "आबा, आईसाठी तसलंच पाठवतो. दोन प्रकार असतेत. आईला विचारा आन कोणतं ते सांगा."

आता तिला काय विचारायचं? बैल घेताना विचारलं न्हाई, बोअर घेताना विचारलं न्हाई, आन गरम खोलीला विचारू? मी ओट्यावर चार माणसं बोलावली. चुकलंच आपलं.

कंपनीचं पोरगं आलं, गळ्यात पट्टा, हातात चित्रं. "काका, हे पारंपरिक सॉना. लाकडी खोली, आत शेगडी, शेगडीवर दगड. दगड तापले की वर पाणी टाकायचं. सहा जण बसतात. आणि हे इन्फ्रारेड. कपाटाएवढं, आत खुर्चीएवढी बैठक, लाल दिवे. हवा फार तापत नाही, अंग शेकतं. वयस्कर माणसाला हे सोसवतं."

मी म्हणलं, जाळ दिसंना, धूर दिसंना, आन शेकतं? आन आमच्याकडं लाईट गेली की तुझं कपाट गार. दगड कसा, एकदा तापला की दोन घंटे इमानदार. बबनराव म्हणले, "आधीच केजात उन्हाळ्याला माणूस झाडाखाली घाम गाळतो, त्यात ही भर कशाला?" त्यांना म्हणलं, तुमी गप. पण खरा घाव घातला मोहनरावांनी. माजी सरपंच माणूस, मिशीवर हात फिरवून म्हणले, "आबा, उद्या पाहुणा आला, तर तुमी कपाटात आन पाहुणा बाहीर? शोभतं का आपल्याला?"

झालं. न्हाईच शोभत. सहा जणांची घेतली.

आन सुंदरबाई? ती दाराआड उभी व्हती. चहाची कपबशी घिऊन. काही बोलली न्हाई. बोलली असंल तर आमी ऐकलं न्हाई... चुकलंच आपलं.

खोली बसली तशी माणसं बसली. सकाळी मोहनराव, पंचा लावून. दुपारी बबनराव, त्यांना आता घामाचं वावडं उरलं न्हाई. जिल्हा परिषदेची तिकिटं माझ्या वाफंत वाटली जातेत, सांगतो. एकदा गेवराईचे पाहुणे आले, तिघं आत, तिघं बाहीर, आन बाहीरचे दार वाजवायलेत. ह्यात बाईमाणसानं बसावं कधी?

अकरा महिन्यांनी एक दिवस मी सगळ्यांना हाकललं. दगड तापवले, तिला म्हणलं, जा, तुझ्यासाठीच हाय. ती गेली. आन दारातच उभी. आत बसायची फळी गुडघ्याच्या वर, तिच्यावर पाय टाकून चढायचं. ज्या गुडघ्यासाठी खोली आणली, तो गुडघा फळीवर चढंना. मी हात धरला, तर म्हणली, "राहू द्या. लाकडं वाया गेली तुमची."

तवा माझ्या तोंडातून निघालं, तुला ते दिव्याचं कपाट पायजे व्हतं का गं?

"आवं, कपाट नको आन खोली नको," ती म्हणली. "शेक मी वाळूच्या पुरचुंडीनं घेते. मला तो खुर्चीवानी संडास पायजे व्हता. सकाळी बसले की उठता येत न्हाई. दाराची कडी धरून उठते. पोळ्याला ती कडीच हातात आली."

आता ऐका. ती कडी पुन्हा मीच ठोकली व्हती. खिळे मारताना शिव्या दिलत्या, की घरातल्यांना दारसुदीक नीट लावता येत न्हाई. ती जवळच उभी व्हती. खिळे हातात देत व्हती.

लई चुकलं आपलं.

आठ दिवसांत गवंडी आणला, जुन्या भांड्याच्या जागी खुर्ची बसवली. पांढरी, चकचकीत. दुसऱ्याच दिवशी मोहनराव खोलीतून निघाले, पंचा सावरत म्हणले, "आबा, माझेबी गुडघे कुरकुर करतेत, जरा तिकडून जाऊन येऊ का?" सुंदरबाईनं ऐकलं. संध्याकाळी संडासाच्या दाराला कुलूप, किल्ली तिच्या कमरंला.

मोहनरावांचं सोडा. परवा सकाळी मीच गेलतो. कुलूप. ती ओसरीवर भाजी निवडत बसलेली. म्हणलं, किल्ली दी. वर न बघता म्हणली, "तुमचे गुडघे धड हायेत. रानात जावा."

गेलो.