धामणीचं धनुष्य

धाकू : हात असो फुडे करा, अनंतबाब. ही काथ्याची दोरी छातीच्या मधोमध धरतंय, ती बोटाच्या टोकापर्यंत. हां. लांब हात आसा तुमचो.

अनंत : तेहतीस वर्षं दशावतारात अर्जुन करतो आहे, मेस्ता. आजवर माप घेतलं ते फक्त अंगरख्यासाठी. धनुष्यासाठी कुणी माझा हात मोजेल, हे स्वप्नातही नव्हतं.

जानकी : ऐकलंस मरे धाकू? रंगमंचार बोलतत तसांच घराकडे बोलतत. आमटीत मीठ कमी पडलां, तरी ‘हे प्रिये’.

धाकू : बोलूं दे गो काकी. ह्याच माणसान माका धनुष्यां करूक लावल्यान.

अनंत : मी? मी कधी?

धाकू : धा वर्सांचो होतंय मी. हयच, सर्वणच्या जत्रेत तुमची मंडळी इल्ली. तुमी दोरी ओढून सोडलात आणि असो टणत्कार झालो, माझ्या म्होरची बायमाणसां दचाकली! दुसऱ्या दिसा बापायची चिवारीच्या बांबूची काठी मोडून पयलां धनुष्य केलंय. मार खाल्लंय तो वेगळो.

अनंत : अरे, आमचंही चिवारीचंच होतं. वर सोनेरी कागद. टणत्कार पखवाजवाल्याचा. मी नुसता दोरीवरचं बोट काढायचो.

जानकी : आता कित्याक इल्लंव तां सांगा तेका. मांद्र्यासून हयपर्यंत तीन बशी बदलून काय कागदाची गोष्ट सांगूक इल्लंव?

अनंत : सांगतो... यंदा दिवाळीनंतर अर्जुन आमच्या मंडळीतल्या बाबुरावच्या मुलाला देतो आहे. गुडघे ऐकत नाहीत. लोक इतकी वर्षं अर्जुन म्हणून माझ्या पाया पडले, पण या हातांनी एकही खरा बाण सोडलेला नाही. एकदा सोडून बघायचा आहे. नाही जमला, तर... तर मी तेहतीस वर्षं काय करत होतो, मेस्ता?

धाकू : मगे बघूया. ही तीन आसत. तीनय धामणीच्या लाकडाची. धामण करवतीन कापूची नाय, पाचर मारून फोडूची. म्हणजे लाकडाची शीर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रवता. मगे दोन वर्सां चुलीवरच्या माळ्यार धूर खाता.

अनंत : हे! हे काळसर! काय घाट आहे! टोकं बघ जानकी, गाय कान टवकारते तशी. आणि मूठ... डोळे मिटून हात लावला तरी कळेल, इथेच धरायचं. हे तू हाताने केलंस?

धाकू : तां माझां सगळ्यात बरां. घेवन उबे रवा. मी असो मागे जातंय.

जानकी : बघ, हातात धनुष्य इलां आणि गुडघे बरे झाले.

अनंत : सावध, राधेया!

(दोरी सुटते. कडाड् असा आवाज.)

जानकी : अगे बाये! काय केलात ह्यां?

अनंत : मोडलं?

धाकू : होय. मुठीच्या वर.

अनंत : पण मी नुसती दोरी सोडली.

धाकू : नुसतीच सोडलात. बाण आसलो काय सगळो जोर बाणावांगडा जाता. बाण नसलो, तर तो धनुष्याच्याच आंगात शिरता. खऱ्या धनुष्याची दोरी रिकामी सोडूची नाय.

अनंत : आणि मला तेवढंच येतं. चल, जानकी. अजून बस मिळेल.

जानकी : मी नाय येवची. धाकू, तू तरी काय बोल मरे.

धाकू : चूक माझी, काकी. अदी बाण हातात देवचो होतो. पण हेंनी धनुष्य उचललां आणि मी धनुष्यां करणारो मेस्त रवलंयच नाय. मागे जावन उबो रवलंय, जत्रेत उबे रवतत तसो.

अनंत : रागाव तरी, बाबा.

धाकू : रागावतंय मगे. अदी ह्यां घेवा.

अनंत : हे? याला तर मधेच गाठ आहे. आणि अजून पुरतं झालेलंही नाही.

धाकू : झालां नाय म्हणानच तुमचां. गाठीक मी हात लावक नाय, भोवती लाकूड ठेवलंय. शीर तिका वळसो घालून फुडे गेली हा, बोट लावन बघा. आता हो बाण. ओढा, पण सोडू नका... थांबा. छातीकडेच कित्याक रवलात?

अनंत : तिथेच थांबायचं असतं. हात वर नेला की तोंड झाकतं, दोरी कर्णफुलात अडकते. लोकांना चेहरा दिसायला हवा ना!

धाकू : हय लोक नाय. गालापर्यंत ओढा.

जानकी : मी आसंय. पण माझां तोंड बघून झालां.

अनंत : जड जातंय रे.

धाकू : खालची बाजू ताठ आसा. द्या हय. काचेन खरवडतंय... वायच आणखी... आता बघा.

अनंत : आता... अरे! येतंय! गालाला लागलं!

धाकू : काकी, वाकतां कसां बघ. वर तितक्याच खाली. अनंतबाब, तसेच रवा. डिचोलीसून, पणजीसून कितके जाण हय धनुष्य घेवक येतत. पयल्या दिसा सगळ्यांचो डावो हात थरथरता. तुमचो हलाक नाय.

अनंत : आमच्या मंडळीचा गाणारा नाईक गाणं लांबवायचा. ते संपेपर्यंत धनुष्य ताणून उभं राहावं लागे.

धाकू : मगे तेहतीस वर्सां तांच करीत होतात. समोर गवताची उडवी दिसता? सोडा.

अनंत : जानकी, डोळे मिटू नकोस हां.

जानकी : मी खंय मिटलंय? तुमीच मिटल्यात.

धाकू : गेलो!

अनंत : कुठे? मला दिसलाच नाही.

धाकू : उडवीत. कडेक लागलो, खालच्या अंगाक. पण भितर शिरलो. रवा, घेवन येतंय.

अनंत : नको, धाकू. तू नको जाऊ. मीच आणतो.

जानकी : अवो, चपला तरी घाला. थय लाजरीचे काटे आसत.