मोठं टेबल नको

रिसोडच्या बसस्टँडवर साधना भाजीची रिकामी टोपली घेऊन मालेगावच्या गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर पत्र्याचं वर्कशॉप चालवणारे जानराव आणि त्यांची सून रत्नमाला बोलत होते. दोघं पत्रा कापायचं, कॉम्प्युटरवर चालणारं प्लाझ्मा मशीन पाहून आले होते.

“मोठ्या टेबलाचंच घेऊ, पोरी. लोकं पाह्यतच राह्यतीन.”

“बाबा, आपण नमुने बनवतो. पेरणीयंत्राची एक पेटी कापाची, वावरात चालवून पाह्याची, जमली नाई का पुन्हा कापाची. त्याले लहान टेबल पुरते. त्यापरीस कापणाऱ्या टॉर्चची उंची आपोआप सांभाळणारं घेऊ. पातळ पत्रा तापला का फुगते अन् टॉर्चले घासते.”

“मंग मी काय करू? आता कॉम्प्युटरच कापन.”

“बी अडकू नाई म्हणून पेटीले उतार किती ठेवाचा, हे त्याले कोण सांगन? तुमीच ना?”

जानराव सुनेकडं वळले.

“खरं सांग. मशीनचं आत्ताच काहून काढलं तू?”

“असंच.”

“माहा हात थरथरते म्हणून?”

“हो, बाबा.”

“कवापासून माहीत हाये तुले?”

“मागच्या दिवाळीपासून.”

“कोणाले बोलली?”

“कोणालेच नाई. तुमच्या पोरालेही नाई.”

“पण माहे पत्रे तर सरळच निंगत होते.”

“तुमी घरी गेले का मी कडा घासून ठेवत होती.”

“अन् मी गावभर सांगत होतो, हात अजून पक्का हाये म्हणून! लय उपकार झाले, बाई, तुह्ये.”

“सुनेले कोणी असं म्हणते काय?”

“कोणी म्हणत नाई. मी म्हणतो.”

वाशीमची गाडी लागली. रत्नमालानं उठून हात पुढं केला. साधनाच्या देखत, साऱ्या स्टँडच्या देखत, जानरावांनी आपला थरथरता हात तिच्या हातात दिला.