गोरखच्या नावाचा संकल्प

माझं माहेर पेठकडचं, डोंगरातलं. नाव चंद्रभागा, पन सगळे चंद्राबाईच म्हनतात. लगीन होऊन त्र्यंबकच्या अलीकडं, रोडला लागून आमचं गाव हाय तिथं आले, पोरगं रांगत व्हतं तवाच मालक गेले, मग त्र्यंबकात एका गुरुजींच्या घरी भांडी-लादी धरली. लय मोठं घर, लांबलांबून यजमान येत्यात, कुनी नारायण नागबळीला, कुनी कशाला, तिथंच राहत्यात, तिथंच जेवत्यात, त्यांची भांडी घासून घासून माझ्या हाताच्या रेघा गेल्या. पन खोटं कशाला बोलू, गुरुजी मानूस वाईट नव्हता. गोरखला शाळेत त्यांनीच घातला, मला कधी अगं-तुगं केलं नाय. म्हनून तर जास्त लागतं.

गोरख माझा एकुलता एक. आयटीआय करून सातपूरला कंपनीत लागला, फिटर. सकाळची शिफ्ट करून दुपारी यायचा, आन दारातूनच वरडायचा, आई वाढ, पोटात कावळे वरडायला लागले. खादाड लय. साखरपुड्याला त्याची होनारी सासू म्हनली, जावई खाऊनच आम्हाला भिकेला लावील, तर हा म्हनतो, मग लगीन दोनदा लावा, जेवन दोनदा. असा व्हता. काय सांगू तुम्हाला.

त्या दिशी मोटरसायकलवर आमच्या फाट्यावर वळत व्हता. भर दुपार, लख्ख ऊन. त्र्यंबक रोड आता रुंद झालाय ना, शहरातली पोरं गाड्या पळवायलाच येत्यात तिकडं. आली ती गाडी, अन् माझ्या पोराला पार पलीकडच्या शेतात फेकलं. फाट्यावरच्या रसवंतीवाल्यानं बघितलं, गाडी चालवनारं पोरगं खाली उतरलं, ह्यानंच त्या पोराला पानी दिलं. पोरगं फोनवर बापाला म्हनत व्हतं, पप्पा, माझ्याकडून मानूस मेला. हे रसवंतीवाल्यानं माझ्या तोंडावर सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून. आन मी पोलीस ठान्यात जाते तर तिथं एक काळासावळा मानूस हात जोडून उभा, त्या गाडीवाल्यांचा ड्रायव्हर. म्हनतो, गाडी मीच चालवत व्हतो, धाकटे साहेब मागं झोपले व्हते. झोपले व्हते म्हने! मी म्हनलं, अरं मुडद्या, तुला बी आई असंल ना. तर खाली मान घालून म्हनतो, मावशी, माझं घर त्यांच्यावर चालतं.

केस उभी राहिली ती त्या ड्रायव्हरवर. त्या गाडीवाल्या पोराचं नाव कुठंच नाय. रसवंतीवाला कोर्टात म्हनला, मी गिऱ्हाइकात व्हतो, मला कळलं नाय कोन उतरलं. आन त्यांचा वकील तर गोरखलाच धरून बसला, अचानक वळला, मागं बघितलं नाय, दारू पीत व्हता का? अहो, त्याला सुपारी ठाव नव्हती! मेला तो, आन चूक बी त्याचीच. मेलेला मानूस उठून काय बोलनार हाय?

मग एक दिवस काय झालं, मी गुरुजींच्या मागल्या अंगनात पातेली घासत व्हते आन पडवीत नवे यजमान बसले व्हते. पांढरं धोतर नेसलेला उघडा बाप्या आन पांढऱ्या लुगड्यातली बाई. मी वर बघितलं आन हातातली राख हातातच राहिली. शेठ व्हता तो, त्या पोराचा बाप. कोर्टात कितीदा समोरून गेला, माझ्याकडं कधी नीट बघितलं असतं तर तेनं बी वळखलं असतं. बाई रडत व्हती, पोराला झोप लागत नाय, दचकून उठतो, म्हनतो तो मानूस आला. गुरुजी म्हनले, दुर्मरण आहे, आत्मा अडकला असेल, पण इथं खरं सांगा, देवापुढं खोटं बोललात तर विधी फळत नाही, मृत्यू कुणाच्या हातून? शेठ अगदी हळू म्हनला, आमच्या मुलाच्या हातून, गाडी तोच चालवत होता. गुरुजींनी इचारलं, मृताचं नाव? शेठ म्हनला, गोरख. गोत्र? माहीत नाही. गुरुजी म्हनले, माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, हातात पाणी घ्या.

मी तशीच उठले, राखेच्या हातानं. म्हनलं, गोत्र कशाला अंदाजानं घालता, तेची आई हितं बसलीय, तिला इचारा! खरं तर आमचं गोत्र मला बी ठाव नाय, आमच्यात देवक चालतं, पन तोंडातून तेच निघालं. ती बाई माझ्या पाया पडायला लागली, मी पाय वढून घेतले. शेठ उठला, तर गुरुजी त्याला म्हनले, बसा, संकल्प मोडू नका. आन मला म्हनले, चंद्राबाई, तुम्ही आत जा. तेवढंच बोलले.

मी दुसऱ्या दिशी त्यांना हात जोडले. म्हनलं, गुरुजी, जे ऐकलं तेवढं कोर्टात सांगा, बाकी मला काय नको. तर म्हनले, बाई, लोक माझ्यापुढं मन मोकळं करतात, मी ते बाहेर नेलं तर उद्या माझ्या दारात कोण येईल? तरी मी सरकारी वकिलाला सांगितलं, त्यानं त्यांना बोलावनं धाडलं. आले, शपथ घेतली, आन म्हनले, रोज इतके यजमान येतात, कुणाचा संकल्प काय, आठवत नाही. आठवत नाय! ज्याला आख्खी पोथी तोंडपाठ, त्याला माझ्या गोरखचं नाव आठवत नाय. मग मी ऐकलेलं कोर्टात सांगितलं तर शेठचा वकील हसतो, म्हनतो, मंत्र संस्कृतात असतात, बाई, तुम्हाला संस्कृत येतं का? मी म्हनलं, पोराचं नाव तर मराठीत व्हतं ना रे. जज्जसाहेब खाली बघून लिहीत राहिले. शिक्षा लागली ड्रायव्हरला, तो बी वरच्या कोर्टात जाऊन जामिनावर बाहेर आला.

काम सोडलं मी. आता वावरातली भाजी घेऊन बाजारात बसते. परवा गुरुजींच्या घरची धुनंवाली भेटली, म्हनली, चंद्रा, विधी फळला बघ, त्या शेठच्या पोराला आता चांगली झोप लागती, लगीन बी जमलं, तुझा गोरख सुटला, तू बी आता मन शांत कर. मी तिच्या पिशवीत भाजी घातली. तिचं काय चुकलं, चांगल्या मनानंच बोलली बिचारी. पन घरी आले आन गोरखच्या फोटोपुढं बसले. लोकं म्हनतील, कसली आई ही, म्हनू द्या. कोर्टात कोनी बोललं नाय, देवाच्या दारात बोलले ते तिथंच गाडलं, आता माझा गोरख तेवढा एकच उरलाय बोलनारा. मी त्याला म्हनलं, गोरख, त्यांचं ऐकू नको बाबा. सुटू नको. जा त्या शेठच्या पोराकडं, उठव त्याला.