वरचं बटण

मावशी: आणि नळ हळूच सोड. एकदम सोडलास की खोकतो, अंगावर उडवतो.

लेक: मावशी, मी आत आलेले नाही अजून. दारात उभी आहे.

मावशी: दारात उभी असलेलीलाच पाणी काढायला सांगतेय. नळ दाराबाहेरच आहे.

लेक: तुम्ही फोनवर म्हणालात, आईच्या कपाटातल्या वस्तू घेऊन जा.

मावशी: खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर आली असतीस?

लेक: नसते आले.

मावशी: म्हणून. घमेलं नको, बादली घे.

लेक: आत कोण आहे?

मावशी: काल ती बस उलटली ना, तिच्यातली. कॉलेजातली पोर. खिडकीशी बसली होती, सगळी काच हिच्याच वाट्याला. बाहेर बाकावर तिची आई बसलीय. येताना दिसली नाही? मांडीवर पिशवी घेतलेली.

लेक: मला वाटलं, कुणाच्या तरी रिपोर्टसाठी थांबलीय.

मावशी: पिशवीत पोरीचा निळा ड्रेस आहे. सकाळपासून सोडत नाही हातातून. म्हणते, तोंड बघितल्याशिवाय नेणार नाही, तोवर माझी मुलगी गेली असं मी म्हणणार नाही. साहेब म्हणतात, तोंड दाखवण्यासारखं नाही, गुंडाळा आणि पेटी बंद करा. दुपारी गाडी येतेय. तोवर कुणी नीट केलं तर केलं, नाही तर झाकण.

लेक: मग तुम्ही करा ना.

मावशी: हे बघ माझे हात. चहा प्यायला घेतला तर तोंडाआधी पदराला मिळतो.

लेक: एवढा मोठा दवाखाना आहे.

मावशी: आहे की. जिवंत माणसांचा. इकडे मागे शवागारात होतो कोण? तुझी आई आणि मी. ती धुणार, शिवणार, कपडे घालणार, मी दिवा धरणार, बादल्या भरणार. ती गेली, तिची जागा कुणी घ्यायला तयार नाही. मागच्या आठवड्यात एक आला होता. जेवायला म्हणून गेला, अजून जेवतोय.

लेक: मी कपडे शिवते, मावशी. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. लोकांच्या पँटी आखूड करते. मेलेल्या माणसाला मी कधी हात लावलेला नाही.

मावशी: आईला लावलास.

लेक: तेवढाच. तोही बटण लावायला.

मावशी: कुठलं बटण?

लेक: तिच्या स्वेटरचं, वरचं. बोलायचं नव्हतं मला, पण तुम्हीच विषय काढलात. इतकी वर्षं तिच्या शेजारी उभ्या राहिलात. परक्यांचं सगळं नीटनेटकं करून दिलंत दोघींनी. आणि तिची वेळ आली तेव्हा तुमच्याकडून बटण लावायचं राहिलं. एकच, पण गळ्यापाशीच. सगळे बघत होते. मला पुढे होऊन लावावं लागलं.

मावशी: राहिलं खरं.

लेक: बस? एवढंच?

मावशी: अजून काय बोलू? बादली भरली बघ.

लेक: मला जमणार नाही हे. आईचं काळीज वेगळं होतं.

मावशी: कुणाचं काळीज? तुझ्या आईचं? अगं, आत त्या कोपऱ्यात मोरी आहे, पहिल्या वर्षी रोज तिथे ओकायची.

लेक: आणि नंतर?

मावशी: नंतरही ओकायची. आवाज न करता.

लेक: घरी कधी बोलली नाही.

मावशी: घरी तुला भरवायचं असायचं ना तिला.

लेक: मग इतकी वर्षं केलं कसं?

मावशी: कडीला हात लावायची आणि म्हणायची, ‘मला येत नाही. तू चल.’ मग आत यायची.

लेक: कुणाला म्हणायची?

मावशी: मला तर नाही. मी आधीच आत असायचे दिवा घेऊन.

लेक: म्हणजे देवाला. आणि तो यायचा?

मावशी: मला दिसला नाही कधी. काम मात्र रोज पुरं व्हायचं. एकट्या बाईच्यानं होण्यासारखं ते नव्हतं, एवढं मी शेजारी उभी राहून बघितलंय.

लेक: तिच्या स्वतःच्या वेळी आला नाही. शेवटी शेवटी दिवसभर हेच चाललेलं असायचं तिचं, ‘चल, चल ना.’ मी शेजारच्या खोलीत मशीनवर बसून ऐकायचे. आधी वाटायचं मलाच बोलावतेय, म्हणून धावत जायचे. तर डोळे मिटलेले, आणि ‘चल.’ कुणी आलं नाही, मावशी. ताप तेवढा चढत गेला.

मावशी: कशासाठी बोलवत होती, विचारलंस?

लेक: त्यात काय विचारायचं? बरं होण्यासाठी.

मावशी: मी भेटायला आले होते तेव्हा विचारलं मी. म्हणाली, बरी होणार नाही हे कळलंय ग मला. पण इतक्या मेलेल्या माणसांची कामं केली, मरायचं काम कधी केलेलं नाही. तेही मला येत नाही. म्हणून बोलावतेय.

लेक: मला नाही सांगितलं हे तिनं.

मावशी: तू बरी हो, बरी हो म्हणत उशाशी बसलेली. तुला कुठून सांगणार?

लेक: मी प्रार्थना वगैरे करणार नाही. आधीच सांगून ठेवते.

मावशी: कर म्हटलं का कुणी? हातमोजे घाल. डावा फाटलाय, तो टाकून दुसरा घे.

(लेक कडीला हात लावते.)

लेक: मला येत नाही.

मावशी: हं.

लेक: पुढचं तोंडातून निघत नाही.

मावशी: राहू दे. अर्ध्यावरही दार उघडतं. ढकल.

लेक: किती गार आहे इथे.

मावशी: तोंडाकडे बघू नकोस. तोंडावरचं कापड असू दे. पायापासून सुरू करायचं. तोंडापासून सुरू केलं असतं तर तुझी आई पहिल्याच दिवशी पळाली असती.

लेक: नखांना रंग लावलाय. एकाच पायाच्या.

मावशी: निघायची घाई झाली असेल.

लेक: दुसरा बसमध्ये लावणार असेल.

मावशी: बोल, बोल तिच्याशी. तुझी आई गप्प नसायचीच. ‘काय ग हे तळवे, अनवाणी फिरतेस की काय?’ एक गृहस्थ होते चांगले वजनदार, शर्टाची बटणं लागेनात. त्यांना म्हणाली, ‘अहो, पोट आत घ्या की जरा.’ मी दिवा धरून हसतेय, ती गंभीर.

लेक: मला नाही बोलता येणार हिच्याशी.

मावशी: मग माझ्याशी बोल. हात झाले? कोपराखाली बघ, वाळू अडकते. आता कापड काढ.

लेक: मावशी.

मावशी: आहे मी.

लेक: इथे गालच... मावशी, मोरी कुठे आहे?

मावशी: कोपऱ्यात. मागे, मागे.

(लेक मोरीकडे धावते, ओकते.)

मावशी: चूळ भर. तोंडावर पाणी मार. जायचं असेल तर जा, मी काही म्हणणार नाही. दार उघडं आहे.

लेक: आईसारखीच झाले.

मावशी: आवाज केलास. तिच्यापर्यंत पोचायला वेळ आहे अजून.

लेक: सुई द्या. ही नको, वाकडी द्या. मावशी, कापड ताणलं की कळतं, किती सोडायचं, किती धरायचं. हे ताणतच नाही. आई काय करायची?

मावशी: शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही. कडेला कड लागली की पुरे, एवढं म्हणायची. त्यावर मेण, त्यावर रंग.

लेक: रफू करतात तसं बघते. आतून धरून. दिवा जरा खाली घ्या. हलतोय.

मावशी: दोन्ही हातांनी धरलाय ग.

लेक: सुटलं. पुन्हा सुटलं. मला येत नाही हे. मला येत नाही. तू चल.

मावशी: काही म्हणालीस?

लेक: दिवा खाली घ्या म्हटलं.

मावशी: घेतला.

लेक: आता धरतंय. असं... असं. बोट ठेवा इथे. थरथरलं तरी चालेल, नुसतं ठेवा.

मावशी: गाडी आली वाटतं.

लेक: थांबू दे तिला. मेण द्या. हनुवटी पहिल्यासारखी नाही होणार. कपाळावरचंही झाकत नाही.

मावशी: केस ओढ पुढे. झाकलं बघ.

लेक: भांग कुठून पाडू?

मावशी: भांग राहू दे.

लेक: असे डोळ्यांवर आलेले? एवढं सगळं करून केस विस्कटलेले ठेवू?

मावशी: ठेव. तुझी आई काहीतरी एक ठेवायचीच. कुणाची बाही दुमडायची राहिलेली, कुणाच्या चपलेचा पट्टा. साहेब ओरडायचे, ‘बाई, हल्ली तुमचं लक्ष नसतं.’ ती मान खाली घालून म्हणायची, ‘राहिलं खरं, साहेब.’

लेक: का ठेवायची?

मावशी: त्या बाईंना बोलाव आत.

लेक: या. झालंय.

बाई: झालं?

लेक: जमलं तेवढं. उजव्या गालावर शिवण दिसते. हनुवटी थोडी वेगळी वाटेल. आधीच सांगते.

बाई: माझीच आहे ना ती?

लेक: ते तुम्हीच सांगू शकाल.

बाई: मग नको. मी बघितलं की ती माझीच होईल. बाहेर होते तोवर... नको. मला नाही जमायचं हे.

लेक: मलाही जमत नव्हतं.

बाई: मग कसं केलंत?

लेक: माहीत नाही. एकटीनं केलं नाही, एवढं कळतंय. चला. माझा हात धरा. ओला आहे, पण धरा.

(बाई तिचा हात धरते.)

मावशी: सावकाश, बाई. पायरी आहे.

बाई: कान तिचाच आहे. बारशालाही असाच दुमडलेला होता हा. माझीच आहे हो. माझीच आहे.

लेक: हो.

बाई: केस असे नसतात तिचे. डोळ्यांवर आलेले खपत नाहीत तिला. कुणी केलं हे असं?

मावशी: चुकलं, बाई. राहिलं. फणी तिथे कट्ट्यावर आहे.

बाई: मी लावू हात? चालेल?

लेक: तुमचीच आहे.

बाई: गार पडलीय. डावीकडून पाडते ती भांग, आणि दर वेळी वाकडा. कितीदा सांगितलं, नाकाच्या रेषेत धर. ऐकेल तर शपथ. हलू नकोस ग. एक मिनिट. गुंता आहे इथे, दुखेल, मी धरते वरून. हं. झालं. झालं, बाळा. बघ, सरळ आला.

लेक: मावशी.

मावशी: हं.

लेक: आईच्या स्वेटरचं ते वरचं बटण...

मावशी: छान लावलं होतंस.