ताप गेला म्हणतात

(दिग्रसजवळचा एक तांडा. १९५८, कापूस वेचणीचे दिवस. खेमसिंग नुकताच ढाणकीकडून परतला आहे. त्याची आई रुक्माबाई अंगणात ज्वारी पाखडत बसली आहे.)

खेमसिंग : तू तिथं गेलती का नाही, येवढंच सांग, याडी.

रुक्माबाई : गेलती. परवा मोटारीत बसून गेली. भावाकडे जाते म्हणून तुले सांगतलं, ते खोटं होतं.

खेमसिंग : अन् पोरीच्या बापाले काय सांगतलं?

रुक्माबाई : जे आहे ते. म्हटलं, भाऊ, घरात एक बायको असताना हा दुसरी कराले निघाला, ते तुमाले माहीतच आहे. पण पोरगी देऊन राह्यले ते कोणाले, तेबी पाहून घ्या. मागच्या पावसाळ्यातला ताप येऊन गेला तवापासून नाल्याचा चढ चढला का माह्या पोराले दम लागते. बंडीले हात लावून उभा राह्यते, अन् कोणी आलं का म्हंते, चाक पाहून राह्यलो. यंदाची वखरणी गड्याकून करून घेतली त्यानं.

खेमसिंग : चार लोकाइसमोर त्यायनं मले परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. मायच पोराची बदनामी करते का कुठी?

रुक्माबाई : अन् तू तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसून आपल्या बायकोची, बसंतीची करत होता, ते काय होतं? कामचोर आहे, ढोंग करते, दोन ओळी वेचल्या का बांधावर बसते. मी ऐकत होती सारं.

खेमसिंग : मंग बसत नाही काय? लग्न झालं तवा हे मोठं ओझं घेऊन वावरातून येत जाये. आता एका घागरीत धापा टाकते. ताप जाऊन वरीस उलटलं. डागतरनं सुई देली, बरी झाली म्हणे. मी काय करू? घर कोणं चालवावं?

रुक्माबाई : डागतरनं ताप पाह्यला. मांगं काय राह्यलं ते पाहाले तो पुन्हा आला काय? तुह्या बापाचंच घे. तवापासून खाट सुटली नाही त्याची, त तू म्हंतं, बुढा झाला, राहू द्या. तुह्या पोरीचा, गंगीचा कान तापात फुटला. हाक मारली का वळून पाहत नाही, त हट्टी म्हणून मारतं तिले. तू सोता दमला त कामानं दमला. अन् बायको दमली का कामचोर. ताप त साऱ्याइले एकच आलता ना रे?

खेमसिंग : गंगीले ऐकू येत नाही?

रुक्माबाई : डाव्या कानानं काहीच नाही. मांगं उभी राहून थाळी वाजवून पाह्यली मी. बसंतीनं सांगतलं होतं तुले. तू म्हटलं, मायलेकी दोघी बहाने करतात.

खेमसिंग : मले वाटलं, आईचं पाहून शिकली.

रुक्माबाई : तुले काय वाटलं ते राहू दे. माहं ऐक. मी गंगीपरिस थोडी मोठी असन, तवा मानमोडीच्या तापाची साथ आली. तांड्यातली कितीतरी घरं बसली. माही याडी वाचली. सारे म्हणत, नशिबाची आहे. पण मंग ती चुलीपाशी बसल्या बसल्या झोपे. लाकडाची मोळी डोक्यावर घेतली का पडे. बापानं एक हंगाम वाट पाह्यली. दुसऱ्या हंगामाले दुसरी बाई आणली, अन् याडीले मामाकडे धाडली. मले जाऊ देलं नाही, घरी कामाले पायजे होती. मामाच्या गोठ्यात खोकत पडून राहे. मी एकदाच गेली पाहाले. त मले म्हणे, रुक्मा, मी खरंच ढोंग करत नाही वं. येवढ्याशा पोरीले सांगत होती, कारण का मोठ्याइतलं कोणी ऐकत नव्हतं.

खेमसिंग : तू हे कधी बोलली नाही.

रुक्माबाई : कोणं विचारलं? आता बोलते. या घरातून बसंती जाणार नाही. दुसरी आणशीन त तिले अन् गंगीले घेऊन मी दिग्रसले जाईन, जिनात कापूस निवडीन. नायकालेबी सकाळी तेच सांगून आली.

खेमसिंग : तो काय म्हणे?

रुक्माबाई : आधी दार लोटलं त्यानं. मंग म्हणे, माह्या धाकट्याचं असंच आहे, पण बाहेर बोलू नोको.

खेमसिंग : याडी, नांगर धरला का छातीवर दगड ठेवल्यावानी होते. मी थांबलो त लोक म्हणतीन, खेमसिंग संपला. म्हणून तिचंच नाव घेत गेलो.

रुक्माबाई : मले कायले सांगतं? ती पाहा आली पाणी घेऊन. तिले सांग.

खेमसिंग : बसंती, दे घागर इकडे.

बसंती : राहू द्या. तुमी आत्ताच चढ चढून आले.

खेमसिंग : तुले माहीत होतं?

बसंती : बाजूले निजते मी. तुमचा श्वास ऐकू येते.

खेमसिंग : मंग बोलली काहून नाही?

बसंती : बोलली असती त तुमीच म्हणाले असते, आपला आळस माह्यावर ढकलते. तांड्यात कोणाचं ऐकलं असतं? माहं का तुमचं?

खेमसिंग : माहं.

बसंती : हो.

खेमसिंग : उद्या गंगीले दिग्रसच्या दवाखान्यात नेतो. पण तिले खांद्यावर घेणं माह्याच्यानं होणार नाही, बसंती.

बसंती : चालंन ती. आपण तिघं थांबत थांबत जाऊ. तुमी फक्त तिच्या उजव्या बाजूनं चाला, बोललेलं ऐकू येईन तिले.